डिक टायगर: एकोणीस पराभव पदरी असलेला जगज्जेता

मूठभर_माती

मंडळी, हल्ली मुष्टियुद्धाबद्दल कुठेही चर्चा वाचायला घ्या, पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'हा कधी हरलाय का?' एक पराभव लागला की खेळाडूचा भाव उतरतो. मग प्रायोजक त्याच्यासमोर सोपे प्रतिस्पर्धी उभे करतात, त्याचा शून्य जपतात, आणि ज्या लढती आपल्याला बघायच्या असतात त्या होतच नाहीत. मला हे मनापासून खटकतं. म्हणून आज नायजेरियाच्या डिक टायगरवर लिहितोय.

खरं नाव रिचर्ड इहेतू. जन्म १९२९चा, आग्नेय नायजेरियातल्या अमाइग्बो या इग्बो समाजाच्या गावातला. वाढला आबा शहरात, तिथल्या बाजारात फुटकळ व्यापार करत. ब्रिटिश लष्करी अधिकारी तिथे मुष्टियुद्धाचे क्लब चालवायचे, तिथेच त्याने हातमोजे चढवले. त्याची झडप घालण्याची पद्धत बघून 'टायगर' हे नावही एका इंग्रजानेच दिलं. १९५२ पासून तो व्यावसायिक लढती खेळू लागला आणि १९५५ मध्ये बोटीने लिव्हरपूलला गेला.

लिव्हरपूलला गेल्यावर पहिल्या चारही लढती हरला. ओळीने चार! थंडी, परका मुलूख, पोटासाठी रंगाच्या कारखान्यात काम, आणि संध्याकाळी सराव. आजच्या हिशेबाने त्याची कारकीर्द तिथेच संपली असती. पण १९५८ मध्ये त्याने पॅट मॅकअटीरला नवव्या फेरीत आडवं करून ब्रिटिश एम्पायरचं मिडलवेट विजेतेपद मिळवलं. १९६२ मध्ये जीन फुलमरला हरवून जगज्जेता झाला, ते गमावलं, १९६५ मध्ये परत मिळवलं, तेही गमावलं. मग वरच्या, लाइट हेवीवेट गटात जाऊन १९६६ मध्ये तिथलंही जगज्जेतेपद घेतलं. तेव्हा त्याचं वय ३७ होतं.

सुमारे ६० विजय, १९ पराभव, ३ बरोबरी. माझं मत असं, की आफ्रिकेने दिलेला सर्वांत थोर ठोसेबाज हाच, आणि त्या १९ पराभवांसकट थोर आहे. तुम्हाला काय वाटतं? खेळाडूची कारकीर्द मोजायची कशी?

सह्यकडा

वा! वाचनखूण साठवली. नाव ऐकून होतो, बाकी काहीच माहीत नव्हतं.

तिसरी_घंटा

लेख आवडला, निष्कर्षाशी सहमत नाही. आफ्रिकेतला सर्वांत थोर म्हणायचं तर घानाचा अझुमा नेल्सन. १९८४ मध्ये फेदरवेट जगज्जेता, १९८८ मध्ये सुपर फेदरवेट. नव्वदीच्या दशकातही अव्वल दर्जाच्या लढती देत होता. टायगरची शैली सरळसोट होती: हनुवटी खाली, गार्ड (बचावाचे हात) वर, पुढे चालत राहायचं आणि डावा हुक, म्हणजे कोपरात वाकवलेल्या हाताचा बाजूने ठोसा, मारायचा. नेल्सनच्या हातात तुलनेने कितीतरी अधिक चिजा होत्या.

मूठभर_माती

@तिसरी_घंटा, नेल्सन मोठाच, वाद नाही. पण नेल्सनचं नाव जगाला कळलं कधी? जुलै १९८२ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये साल्वादोर सांचेझविरुद्ध. बदली खेळाडू म्हणून ऐनवेळी बोलावलं होतं, आणि पंधराव्या फेरीत तो हरला. त्या हरण्यातूनच तो मोठा झाला. तीन आठवड्यांनी सांचेझ मोटार अपघातात गेला, नाहीतर त्यांची दुसरी लढत काय झाली असती! तुम्ही दिलेलं उदाहरण माझंच म्हणणं बळकट करतंय.

आणि सरळसोट म्हणाल तर फुलमरविरुद्धची लढत परत बघा. टायगर नुसता चालत जात नाही. डावा पाय अर्धं पाऊल आत टाकून समोरच्याला दोरांकडे सरकवतो. पळायला जागाच ठेवत नाही. उंची जेमतेम पाच फूट आठ इंच, हात फार लांब नाहीत. त्यामुळे जवळ शिरल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि जवळ शिरायचं शास्त्र त्याने इंग्लंडमध्ये मार खात शिकून घेतलं.

चिंचबन

नायजेरियन म्हटल्यावर मला आधी अँथनी जोशुआ आठवला. तो नाही का?

तिसरी_घंटा

जोशुआचे आईवडील नायजेरियन, घराणं तिथल्या सगामूचं. जन्म मात्र इंग्लंडमधल्या वॉटफर्डचा, आणि २०१२ लंडन ऑलिंपिकचं सुवर्ण ब्रिटनसाठी. नायजेरियात जन्मून हेवीवेट जगज्जेता झालेला हवा असेल तर सॅम्युएल पीटर, २००८ मध्ये मास्काएवला हरवून.

पाऊलखुणा

हॉगन 'किड' बॅसीचं नाव अजून कुणीच कसं घेतलं नाही? नायजेरियाचा पहिला जगज्जेता तो आहे, टायगर नव्हे. जून १९५७, पॅरिस, शेरीफ हामियाविरुद्ध दहाव्या फेरीत फेदरवेट विजेतेपद. टायगरच्या आधी काही वर्षं तोही लिव्हरपूललाच आला होता, आणि या दोघांमुळेच पश्चिम आफ्रिकेतल्या पोरांची लिव्हरपूलला रीघ लागली.

इंग्लंडमधली तेव्हाची स्थितीही लक्षात घ्यायला हवी. १९४८ पर्यंत ब्रिटिश विजेतेपदासाठी फक्त गोऱ्या आईबापांच्या मुलांनाच लढता यायचं. नियमच होता तसा. तो उठल्यावर डिक टर्पिन पहिला कृष्णवर्णीय ब्रिटिश विजेता झाला. म्हणजे टायगर पोहोचला तेव्हा दार उघडून सात वर्षंच झाली होती. अशा ठिकाणी परक्या देशातून आलेल्या माणसाला, स्थानिक पोराविरुद्ध, स्थानिक प्रेक्षकांसमोर, निकाल पंचांवर गेला तर काय मिळत असेल? त्या पहिल्या चार पराभवांकडे बघताना हे विसरू नये.

अबोली_सरी

पाऊलखुणा, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आकड्यांमागे कोण बसून गुण देत होतं हेही बघायला हवं.

सह्यकडा

नायजेरियातल्या सुरुवातीच्या लढती कुणाकुणाशी झाल्या ते शोधत होतो. प्रतिस्पर्ध्यांची नावं बघा: इझी डायनामाइट, माइटी जो, लायन रिंग, सुपर ह्युमन पॉवर! ही नावं भिंतीवर लावल्यावर तिकीट न काढता घरी बसणं कुणाला जमलं असेल?

कोल्हापुरी_ठेचा

सह्यकडा, आमच्याकडच्या कुस्तीच्या जाहिराती वाचल्या नाहीत वाटतं तुम्ही!

एक विचारायचं होतं. तिकडे मुष्टियुद्ध इंग्रजांनी आणलं का आधीचं काही होतं?

लागोसकर

आधीचं होतं आणि आजही आहे. मी कंपनीच्या कामामुळे काही वर्षं लागोसला होतो, म्हणून थोडं सांगू शकतो.

उत्तरेत हौसा लोकांचा 'डांबे' नावाचा प्रकार आहे. एका हाताची मूठ कापड आणि दोरीने करकचून बांधतात. तो हात म्हणजे भाला. दुसरा मोकळा हात पुढे धरतात, ती ढाल. तीन फेऱ्या, आणि प्रतिस्पर्ध्याचा हात, गुडघा किंवा अंग जमिनीला लागलं की डाव संपला. मुळात हा खाटीक लोकांचा खेळ. सुगीनंतर गावोगाव फिरून लढती व्हायच्या. टायगर ज्या इग्बो समाजातला, तिथे मात्र कुस्ती मोठी. गावागावांच्या कुस्त्या, ढोल, जिंकणाऱ्याचा मान, सगळं. त्यामुळे ठेचाभाऊ, तुम्हाला तिथे अजिबात परकं वाटणार नाही.

आबालाही एकदा जाऊन आलो. आज ते शहर अरिआरिया बाजारासाठी ओळखलं जातं. चपला, बूट, कपडे, सगळं तिथे शिवतात आणि सगळ्या पश्चिम आफ्रिकेत पाठवतात. आमचा ड्रायव्हर इग्बो, साठीच्या पुढचा. त्याला म्हटलं, टायगर इथलाच ना? तो म्हणाला, ओगा (म्हणजे साहेब), त्याची ती लढत आमच्या वडिलांनी रेडिओवर ऐकली होती. कोणती लढत हे मला विचारावं लागलं नाही. १९६३ची इबादानची.

मूठभर_माती

लागोसकर, तुम्ही विषय काढलाच आहे तर इबादानबद्दल जरा सविस्तर लिहितो.

ऑक्टोबर १९६२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर टायगरने जीन फुलमरला १५ फेऱ्यांत गुणांवर हरवलं. फुलमर म्हणजे अमेरिकेतल्या युटाचा खडक. शुगर रे रॉबिन्सनलाही त्याने हरवलं होतं. फेब्रुवारी १९६३ मध्ये लास व्हेगासला परतीची लढत झाली, ती बरोबरीत सुटली. म्हणजे तिसरी व्हायलाच हवी होती. ती कुठे? इबादानच्या लिबर्टी स्टेडियमवर, १० ऑगस्ट १९६३.

देश स्वतंत्र होऊन तीन वर्षंही झाली नव्हती. प्रजासत्ताक व्हायला अजून सात आठवडे होते. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला, कृष्णवर्णीय आफ्रिकेत, जागतिक विजेतेपदाची लढत त्याआधी कधीच झाली नव्हती. नवं सरकार मागे उभं राहिलं, कारण जगाला दाखवायचं होतं की आम्हीही हे करू शकतो. मधल्या खुर्च्यांवर मंत्री आणि वर पायऱ्यांवर दूरदूरच्या गावांतून बस-लॉरीने आलेली माणसं. टायगर इग्बो आणि इबादान योरुबांचं शहर, पण त्या दिवशी असं काही नव्हतं. तो सगळ्यांचा होता.

लढत मात्र एकतर्फी झाली. फुलमरचा चेहरा फुटला, सातव्या फेरीनंतर त्याच्या कॉर्नरने, म्हणजे सोबतच्या माणसांनी, लढत थांबवली. फुलमर पुन्हा कधी रिंगमध्ये उतरला नाही. त्याच वर्षी टायगरला ब्रिटिश राणीकडून एमबीई हा किताब मिळाला. तो किताब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लागोसकर

ते स्टेडियम आता ओबाफेमी आवोलोवो स्टेडियम झालंय, २०१० पासून. पण जुनी माणसं अजून लिबर्टीच म्हणतात.

चिंचबन

हे सगळं वाचून छान वाटलं, पण मूळ मुद्द्यावर माझी शंका आहे. १९ पराभव म्हणजे १९. तुम्ही म्हणता त्यातून शिकला. मग शेवटपर्यंत का हरत होता? ग्रिफिथकडून दोनदा हरला, फॉस्टरने तर चौथ्या फेरीत संपवला.

तिसरी_घंटा

@चिंचबन, इथे मात्र मी धागाकर्त्याच्या बाजूने. हरला कुणाकडून ते बघा. एमिल ग्रिफिथ वेल्टरवेट जगज्जेता असताना वरच्या गटात येऊन लढला, आणि १९६६ च्या त्या निकालाबद्दल रिंगजवळ बसलेल्या पत्रकारांपैकी बहुतेकांचं मत टायगरच्या बाजूचं होतं. बॉब फॉस्टर सहा फूट तीन इंच, पुढे कित्येक वर्षं लाइट हेवीवेटवर राज्य करणारा. टायगर त्याच्यापेक्षा सात इंचांनी बुटका, वजनाने मूळचा मिडलवेट, वय ३८. सगळ्या कारकिर्दीत दहा आकडे मोजून होईपर्यंत उठू शकला नाही असं फक्त त्या रात्री झालं. ऐंशीच्या वर लढतींत एकदा!

आणि त्यानंतर काय केलं? पाच महिन्यांनी फ्रँकी डीपॉलाशी लढला. दुसऱ्या फेरीत टायगर दोनदा खाली. तिसऱ्या फेरीत डीपॉला दोनदा खाली. दहा फेऱ्यांनंतर टायगरचा हात वर. 'द रिंग' मासिकाने ती १९६८ ची सर्वोत्तम लढत ठरवली. पुढच्या वर्षी नीनो बेनवेनुतीला हरवलं, जो तेव्हा मिडलवेटचा विद्यमान जगज्जेता होता. विजेतेपद पणाला नव्हतं, बेनवेनुतीचा हातही दुखावला होता, हे मान्य. तरी ३९ व्या वर्षी!

सह्यकडा

रुबिन कार्टरची लढत कुणी बघितली आहे का? मी आत्ता पाहिली. मे १९६५, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. कार्टर म्हणजे समोरच्याला नजरेनेच अर्धा मारणारा माणूस. टायगरने त्याला तीनदा पाडलं. पडल्यावर कार्टरच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य बघण्यासारखं आहे. पुढे याच कार्टरला खुनाच्या खटल्यात शिक्षा झाली आणि तो १९८५ मध्ये सुटला, ती वेगळीच कहाणी.

पाऊलखुणा

आणि टेरी डाउन्स! १९५७ मध्ये लंडनला शोरडिच टाउन हॉलमध्ये टायगरने त्याला पाच फेऱ्यांत घरी पाठवला. डाउन्सची ती फक्त तिसरी व्यावसायिक लढत. नंतर विचारलं, आता पुढे कुणाशी लढायला आवडेल, तर म्हणाला, ज्या गृहस्थाने ही लढत ठरवली त्याच्याशी! चार वर्षांनी डाउन्सही जगज्जेता झाला. बघा, मूठभर भाऊ, तुमच्या यादीत अजून एक भर.

डॉ_निशिगंध

मी पेशाने डॉक्टर, आणि हा खेळ मला बघवत नाही. इथे सगळे आनंदात आहेत, पण मला बोलायलाच हवं. ज्या एमिल ग्रिफिथचं नाव वर आलंय, त्याच्याच ठोशांनी १९६२ मध्ये बेनी पॅरेट बेशुद्ध पडला आणि दहा दिवसांनी गेला. १९८२ मध्ये कोरियाचा किम डूक कू गेला, त्यानंतर १५ फेऱ्यांच्या १२ करण्यात आल्या. टायगरच्या काळातल्या १५ फेऱ्या, महिन्या-दोन महिन्यांनी परत लढत, डोक्याला कसलंही संरक्षण नाही. 'पडला आणि उठला' याचं आपण कौतुक करतो, पण आत मेंदू प्रत्येक वेळी कवटीवर आपटत असतो. ते नुकसान वर्षानुवर्षांनी दिसतं.

मूठभर_माती

डॉक्टर, तुमच्या एकाही वाक्याला माझं उत्तर नाही. पॅरेटनंतर ग्रिफिथ स्वतः पूर्वीसारखा तुटून पडत नव्हता असं त्याने पुढे सांगितलं होतं. मला हा खेळ आवडतो आणि तुम्ही म्हणता ते खरं आहे, या दोन्ही गोष्टी माझ्या मनात एकत्र नांदतात.

अबोली_सरी

डॉक्टर, टायगर कशाने गेला? कुठेतरी वाचलं की अगदी लवकर गेला.

डॉ_निशिगंध

यकृताच्या कर्करोगाने, डिसेंबर १९७१ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी. त्याचा ठोशांशी संबंध जोडू नये. पश्चिम आफ्रिकेत यकृताचा कर्करोग पूर्वीपासून बराच आढळतो. हिपॅटायटिस बी आणि दमट हवेत धान्यावर, शेंगदाण्यावर वाढणाऱ्या बुरशीचं विष ही त्याची मोठी कारणं. टायगरच्या बाबतीत काय होतं हे मी सांगू शकत नाही. पाठदुखी म्हणून तपासायला गेला आणि हे निघालं, इतकं वाचलंय.

चिंचबन

आणि तो एमबीई? 'पुढे लागणार आहे' म्हणालात आणि राहिलंच.

मूठभर_माती

राहिलं नव्हतं, बळ गोळा करत होतो. लिहितो.

१९६६ मध्ये नायजेरियात दोन लष्करी बंडं झाली. उत्तरेत इग्बोंच्या कत्तली झाल्या, लाखो माणसं घरदार सोडून पूर्वेकडे परतली. ३० मे १९६७ ला पूर्वेचे लष्करी प्रशासक ओजुक्वू यांनी पूर्वेचा भाग बियाफ्रा म्हणून स्वतंत्र जाहीर केला. त्याच्या दोनच आठवडे आधी टायगरने न्यूयॉर्कमध्ये पोर्तो रिकोच्या होजे टोरेसविरुद्धची (ज्याच्याकडून लाइट हेवीवेट विजेतेपद घेतलं तोच) दुसरी लढत जिंकली होती, ज्यात टोरेसच्या संतापलेल्या चाहत्यांनी बाटल्यांचा वर्षाव केला. जुलैमध्ये युद्ध पेटलं.

टायगर तेव्हा लाइट हेवीवेटचा जगज्जेता होता. न्यूयॉर्कला राहून गप्प बसला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. तो परत गेला, बियाफ्राच्या सैन्यात लेफ्टनंट झाला, जवानांना व्यायाम शिकवू लागला, मनोबल वाढवायचं काम करू लागला. मधेच निघून लढायला यायचा आणि पैसे घरी न्यायचा. नोव्हेंबर १९६७ मध्ये लास व्हेगासला रॉजर राउसला हरवलं ते असंच. फॉस्टरची लढतही याच काळातली, चिंचबन. तो माणूस रिंगमध्ये उतरला तेव्हा त्याची बायकामुलं वेढा पडलेल्या मुलखातली होती.

पूर्वेची नाकेबंदी झाली. अन्न पोहोचेना. पोटं फुगलेल्या, हातपाय काड्या झालेल्या मुलांचे फोटो जगभर छापून आले. दहा लाखांहून जास्त माणसं गेली, बरीचशी उपासमारीने. ब्रिटन मध्यवर्ती सरकारला शस्त्रं पुरवत होतं. नोव्हेंबर १९६९ मध्ये बीटल्सच्या जॉन लेननने आपला एमबीई परत केला, त्याच्या कारणांतही बियाफ्रा होतं. पुढच्या महिन्यात टायगरने आपलं पदक पाकिटात घातलं आणि वॉशिंग्टनच्या ब्रिटिश वकिलातीला पोस्टाने पाठवून दिलं. सोबतच्या पत्रात लिहिलं, की या पदकाकडे बघितलं की मला बियाफ्रात मेलेली आणि मरत असलेली माणसं, बायका, मुलं आठवतात. पोस्टातल्या कारकुनाने विचारलं, याची किंमत किती लिहू? टायगर म्हणाला, काही किंमत नाही.

सह्यकडा

...

काय बोलावं सुचत नाही.

चिंचबन

मी इथे विरुद्ध बोलणार आहे, रागावू नका. इबादानला ज्या नायजेरियाने त्याला डोक्यावर घेतलं, योरुबा, हौसा, इग्बो सगळ्यांनी, त्याच देशाविरुद्ध तो उभा राहिला. खेळाडू सगळ्यांचा असतो. त्याने एक बाजू घेतली की उरलेल्यांना पोरकं वाटतं. मला तरी वाटतं त्याने लोकांना मदत करावी, पैसे द्यावेत, पण सैन्यात जाऊ नये.

अबोली_सरी

चिंचबन, घरच्या माणसांवर बॉम्ब पडत असताना 'सगळ्यांचा' राहणं कुणाला परवडतं? त्याच १९६७ च्या एप्रिलमध्ये मुहम्मद अलीने लष्करात जायला नकार दिला आणि त्याचं विजेतेपद काढून घेतलं गेलं. एकाने सैन्यात जायला नकार दिला, दुसरा आपणहून गेला, आणि दोघांनीही किंमत मोजली. मला दोघेही सारखेच प्रामाणिक वाटतात.

लागोसकर

दोन्ही बाजूंच्या माणसांसोबत काम केलंय म्हणून सांगतो, हा विषय तिथे आजही नाजूक आहे. चिंचबन म्हणतात ती भावना मी योरुबा सहकाऱ्यांकडून ऐकली आहे. आणि पूर्वेतही सगळे एका मताचे नव्हते. एफिक, इजाव, ओगोनी अशा लहान समाजांना बियाफ्रात इग्बोंचं वर्चस्व होईल अशी भीती होती.

पण युद्धानंतर काय झालं तेही पाहा. जानेवारी १९७० मध्ये बियाफ्राने शरणागती पत्करली. सरकार म्हणालं, कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. प्रत्यक्षात बँकेत कितीही रक्कम असो, बियाफ्रातल्या खातेदारांच्या हातात २० पौंड ठेवले गेले. पोर्ट हारकोर्टला इग्बोंची घरं 'बेवारस मालमत्ता' ठरवून दुसऱ्यांनी घेतली. टायगर अतिशय काटकसरी होता. अमेरिकेत साध्या खोलीत राहायचा आणि कमाई मायदेशी घरं, इमारतींत गुंतवायचा. तीच सगळी युद्धात गेली. चाळिशीनंतरही तो का लढत होता, याचं उत्तर इथे आहे.

पाऊलखुणा

शेवटची लढत १५ जुलै १९७०, पुन्हा ग्रिफिथशी, पुन्हा हार. त्यानंतर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात रखवालदाराची नोकरी. दोन गटांतला जगज्जेता, मॅडिसन स्क्वेअर गार्डन ज्याच्यासाठी भरायचं, तो त्याच शहरात गणवेश घालून चित्रांवर पहारा देत उभा. आजार कळल्यावर नायजेरिया सरकारने परत येऊ दिलं. १९७१ च्या जुलैमध्ये आबाला आला, डिसेंबरमध्ये गेला.

कोल्हापुरी_ठेचा

डोळ्यात पाणी आलं राव. पैलवानाच्या म्हातारपणाची गोष्ट कुठेही गेलं तरी सारखीच. पण या गड्याला म्हातारपणही मिळालं नाही.

डॉ_निशिगंध

खेळाबद्दलचं माझं मत तेच आहे. माणसाबद्दल मात्र या धाग्याने मला बरंच काही दिलं. ती पदकाची हकीकत माझ्या मुलाला वाचून दाखवली.

तिसरी_घंटा

परत मूळ प्रश्नाकडे. कारकीर्द कशी मोजायची? मी माझ्यापुरतं ठरवलंय: समोर कोण होतं, आणि ज्याने हरवलं त्याच्याशी परत लढायला गेला का. टायगर जोई जिआर्देलोकडून डिसेंबर १९६३ मध्ये हरला आणि मिडलवेट विजेतेपद गमावलं. जिआर्देलोने परतीची लढत जवळपास दोन वर्षं लांबवली. टायगरने तोवर आरामात बसून न राहता कार्टरसारख्याला अंगावर घेतलं, आणि ऑक्टोबर १९६५ मध्ये जिआर्देलोला गाठून विजेतेपद परत नेलं. 'द रिंग'ने १९६२ आणि १९६५, दोन्ही वर्षी त्यालाच वर्षाचा सर्वोत्तम ठरवलं. १९९१ मध्ये मुष्टियुद्धाच्या हॉल ऑफ फेममध्येही (थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत) घेतलं.

नेल्सनवरचा हक्क मी सोडणार नाही. पण आता टायगरला अगदी त्याच्या शेजारी बसवतो.

मूठभर_माती

@तिसरी_घंटा, शेजारी चालेल, मी आणखी ताणत नाही.

@चिंचबन, तुम्ही विरोधात लिहिलंत म्हणून चर्चा नीट झाली. आपलं एकमत झालं नाही, पण 'खेळाडू सगळ्यांचा असतो' या तुमच्या वाक्यावर अजून विचार करतोय. इबादानला तो खरोखरच सगळ्यांचा होता, आणि चार वर्षांत देशाने ते शक्यच ठेवलं नाही. यात दोष त्याचा मानायला मी तयार नाही.

पुढचा धागा हॉगन बॅसीवर काढायचा विचार आहे. त्याने नंतर नायजेरियाच्या हौशी खेळाडूंना शिकवलं, आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये नोजिम मायेगुनने देशाला पहिलं पदक मिळवून दिलं, कांस्य. पाऊलखुणा, पॅरिसच्या लढतीबद्दल तुम्ही लिहाल का? तुमच्याकडे माहिती जास्त दिसते.

पाऊलखुणा

आनंदाने. पुढच्या रविवारी टाकतो.

सह्यकडा

डीपॉलाची लढत आत्ता बघितली. दुसऱ्या फेरीत टायगर दुसऱ्यांदा पडला तेव्हा, निकाल आधीच माहीत असूनही, मी खुर्चीतून उठून उभा होतो. सगळ्यांनी बघा.